कै. डॉ. आनंदीबाई जोशी

जून महिन्यात पावसाच्या सरींबरोबर शाळेचे नवे वर्ष सुरू होते.  ह्या प्रसंगी आमच्याच प्रांतातील एका थोर विद्यार्थिनीचे चरित्र वाचकांस सादर करणे आम्हांस उचित वाटते. कारण दारी आलेल्या विद्यार्थ्याचे स्वागत कसे करावे व कसे करू नये, ही दोन्ही उत्तरे त्यात सापडतात.

आनंदीबाईंचा जन्म 31 मार्च 1865 रोजी झाला. त्यांचे माहेर कल्याणचे व माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह टपालखात्यातील गोपाळराव जोशी ह्यांच्याशी झाला. गोपाळराव वयाने पुष्कळच वडील व विधुर होते. पत्नीस शिकवावयाचेच, हा त्यांचा निर्धार त्या काळी विलक्षण होता. परंतु त्यांची रीत फार कठोर होती. रागाच्या भरात ते त्या कोवळ्या मुलीस मारीत. पुढे अमेरिकेहून पतीस लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी त्या दिवसांची आठवण स्पष्टपणे करून दिली आहे. इतक्या वर्षांनीही ते दुःख त्यांच्या मनातून गेले नव्हते.

गोपाळरावांच्या बदल्यांमुळे अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता असा त्यांचा संसार फिरत राहिला. मिशनच्या शाळांतही त्या काही काळ शिकल्या. पुस्तके घेऊन जाणाऱ्या विवाहित मुलीची रस्त्यात लोक टवाळी करीत. चौदाव्या वर्षी त्यांस मुलगा झाला. तो दहा दिवसांतच दगावला. स्त्रियांस स्त्रीवैद्याची किती गरज आहे, हे त्यांस कळून चुकले व आपण डॉक्टर व्हावे असा त्यांनी निश्चय केला.

गोपाळरावांनी साहाय्यासाठी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्यास लिहिले होते. उत्तरात साहाय्याऐवजी धर्मांतराची सूचना आली. पुढे हा पत्रव्यवहार एका अमेरिकन मासिकात छापला गेला व 1880 साली तो न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर ह्यांच्या वाचनात आला. ह्या ख्रिस्ती बाईंनी कोणतीही अट न घालता आपले घर त्या अनोळखी मुलीस देऊ केले. मिशनच्या शाळेत काम करणाऱ्या आम्हां सर्वांस ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

24 फेब्रुवारी 1883 रोजी बंगालमधील श्रीरामपूर कॉलेजात भाषण करून, आपण हिंदू म्हणून जाणार व हिंदू म्हणूनच परतणार, असे आनंदीबाईंनी जाहीर केले. एप्रिलमध्ये त्या पतीवाचून परदेशी निघाल्या व जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात मुख्याध्यापिका रेचल बॉडले ह्यांनी त्यांस आपलेपणाने सामावून घेतले. थंड हवा, परका आहार व ढासळती प्रकृती ह्यांस तोंड देत 11 मार्च 1886 रोजी त्यांनी एम्. डी. पदवी मिळविली. त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागावर त्यांची नेमणूकही झाली. परंतु क्षयाने गाठले व 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. बावीस वर्षे पूर्ण होण्यास अवघा महिना उरला होता. ज्या स्त्रियांसाठी त्या शिकल्या, त्यांची सेवा करण्याचे भाग्य त्यांस लाभले नाही.

तरीही त्यांचे शिक्षण वाया गेले नाही. त्यांनी चोखाळलेल्या वाटेने पुढे कितीतरी मुली गेल्या. आज ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील मुली निर्भयपणे शाळेत येतात. आईबापांनी गोपाळरावांचा निर्धार घ्यावा, त्यांचा हात मात्र घेऊ नये. शिक्षकांनी कार्पेंटरबाईंप्रमाणे दार उघडावे व मूल जसे आहे तसे आत घ्यावे. आणि विद्यार्थ्यांनो, आपली विद्या कोणाच्या उपयोगी पडावयाची आहे, हे त्या कल्याणच्या मुलीप्रमाणे लवकर ओळखा. नव्या वर्षी ह्याहून चांगला आशीर्वाद आम्हांस सुचत नाही.