गंगाराम कांबळे यांचा चहा आणि शाहूराजांचा हुकूम

आपले म्हणणे समोरच्याला पटवायचे कसे, हा प्रश्न कचेरीत, शाळेत, कोर्टात काम करणाऱ्या आपल्या प्रत्येक बांधवापुढे आहे. नुसते भाषण ठोकले तर साहेब कान बंद करतो आणि गप्प बसलो तर अन्याय अंगवळणी पडतो. या पेचातून वाट कशी काढावी, हे राजर्षी शाहू महाराजांच्या चरित्रातून शिकावे.

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले यशवंतराव १८८४ साली दत्तक जाऊन करवीरचे छत्रपती झाले. १८९४ साली त्यांनी कारभार हाती घेतला, तेव्हा दरबारच्या ७१ जागांपैकी ६० जागा एकाच जातीकडे होत्या. पुढे वेदोक्त प्रकरणात खुद्द राजालाच शूद्र ठरविण्यात आले. अपमान काय असतो, हे महाराजांनी स्वतः सोसले. पण ते आपल्या अपमानापाशी थांबले नाहीत. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी रिकाम्या होणाऱ्या ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या.

राजवाड्यात चाकरीला असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून मारहाण झाली. महाराजांनी आधी त्यांचे सर्व ऐकून घेतले. मारणाऱ्यांना शिक्षा केली. मात्र शिक्षेने पाठ दुखते, मन बदलत नाही, हे ते जाणून होते. त्यांच्या पाठबळाने गंगाराम यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा मागवू लागले. राजाने कप तोंडाला लावल्यावर सोबतच्या सवर्ण मंडळींना नाही म्हणणे जड गेले. समतेवर एकही प्रवचन न देता राजाने आपली प्रतिष्ठा गंगाराम यांच्या दुकानात नेऊन ठेवली.

परंतु महाराज केवळ चहावर विसंबले नाहीत. १५ जानेवारी १९१९ रोजी त्यांनी हुकूम काढला. सरकारी नोकरीत आलेल्या अस्पृश्यांना महसूल, न्याय आणि इतर खात्यांतील अधिकाऱ्यांनी ममतेने व समतेने वागवावे. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, त्यांना पेन्शन मिळणार नाही. पीडिताची बाजू मांडणारा माणूस न्यायालयात त्याच्यातलाच असावा, याचेही मोल त्यांनी ओळखले. अस्पृश्य तरुणांना त्यांनी वकिलीच्या सनदा दिल्या. १९२० च्या मार्चमध्ये माणगाव परिषदेला येऊन, बाबासाहेबांच्या रूपाने तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, असे त्यांनी भरसभेत जाहीर केले. ६ मे १९२२ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या कार्यकर्त्यांनी यातून काय घ्यावे? तक्रार घेऊन आलेल्याचे आधी पूर्ण ऐकावे. साहेबाशी बोलताना त्याची अब्रू चारचौघांत काढू नये. त्याला सुधारण्याची वाट ठेवावी. जे दुसऱ्याने करावे असे वाटते, ते आधी स्वतः करून दाखवावे. आणि बोलणे संपल्यावर ते लेखी द्यावे, तारखेसह.

आपण राजे नाही, पेन्शन रोखण्याचा अधिकार आपल्या हातात नाही, असे कुणी म्हणेल. खरे आहे. पण अस्पृश्यता हा गुन्हा ठरविणारे संविधानाचे १७ वे कलम आपल्यापाशी आहे. चहाने माणूस जवळ आला तर आनंदच आहे. नाही आला, तर कलम आहेच. गोड बोलण्याच्या भरात कलम विसरायचे नाही आणि कलमाच्या जोरावर माणुसकी सोडायची नाही.