औंधचे भवानराव : प्रजेचा व्यायामशिक्षक झालेला राजा

सूर्यनमस्काराला घरातील देवघरातून शाळेच्या मैदानावर आणि तेथून थेट लंडनपर्यंत नेण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, त्यांत औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. बाळासाहेब या नावाने ओळखले जाणारे भवानराव चित्रकार होते, लेखक होते आणि कलासंग्राहकही होते. मात्र आयुष्यातील चार दशके त्यांनी एका कामाला निष्ठेने वाहिली. ते काम म्हणजे इतरांना रोज व्यायाम करावयास लावणे.

भवानरावांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. सातारा जिल्ह्यातील यमाईदेवीच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेले औंध ही त्यांच्या बहात्तर गावांच्या छोट्या संस्थानाची राजधानी होती. पुण्यात उच्च शिक्षण घेऊन ते पदवीधर झाले आणि वडिलांच्या कारभारात मदत करू लागले.

त्या काळात युजेन सँडो या जर्मन वंशाच्या बलोपासकाचे नाव जगभर गाजत होते. सँडोने १८९७ मध्ये लंडनमध्ये व्यायामसंस्था काढली. शिष्याचे वय, शरीराची मापे आणि तक्रारी विचारात घेऊन त्याला व्यायामाचा आराखडा आखून द्यावयाचा, काही महिन्यांनी पुन्हा मापे घ्यावयाची आणि फरक दाखवावयाचा, अशी त्याची पद्धत होती. दूरच्या शिष्यांना हे शिक्षण टपालाने मिळे. आजचा वैयक्तिक प्रशिक्षक जे करतो, त्याचा बराचसा पाया येथे घातला गेला.

तरुण भवानराव या पद्धतीच्या असंख्य अनुयायांपैकी एक होते. सँडोची पुस्तके आणि साधने मागवून त्यांनी सुमारे दहा वर्षे नियमाने व्यायाम केला. पुढे १९०८ च्या सुमारास मिरजेचे संस्थानिक गंगाधरराव पटवर्धन यांच्या सल्ल्याने ते सूर्यनमस्काराकडे वळले. महाराष्ट्रात ही चाल जुनीच होती आणि तिचा संबंध परंपरेने समर्थ रामदासांशी जोडला जात असे. भवानरावांना तिच्यात एक व्यावहारिक सोय दिसली. सँडोच्या मार्गाला साधने लागत आणि साधनांना पैसा लागे. नमस्काराला मात्र माणूस आडवा होईल एवढी जागा पुरेशी होती.

राजवाड्यातून शाळेत

वर्षभराने, १९०९ मध्ये, भवानराव गादीवर आले. आता त्यांच्या हाती सत्ताही होती आणि एक आवडती विद्याही होती. त्यांनी नमस्काराची दहा स्थितींमध्ये निश्चित मांडणी केली. आज बहुतेक ठिकाणी बारा स्थिती शिकविल्या जातात. प्रत्येक स्थितीत हात, पाय, मान आणि पाठ कशी असावी, श्वास केव्हा घ्यावा व केव्हा सोडावा, कोणता बीजमंत्र म्हणावा, याचे बारकावे त्यांनी ठरवून दिले. संख्या वयाप्रमाणे आणि शक्तीप्रमाणे हळूहळू वाढवावी, असा त्यांचा आग्रह होता. आहाराचा विचारही त्यांनी व्यायामाला जोडला.

या शिक्षणाची सुरुवात त्यांनी स्वतःच्या घरापासून केली. राजघराण्यातील स्त्रिया आणि मुलेही नमस्कार घालीत. स्त्रियांनी व्यायाम करणे अनेक घरांत अनुचित मानले जाई, अशा त्या काळात हे उदाहरण महत्त्वाचे होते. नंतर संस्थानातील शाळांमध्ये नमस्कार अनिवार्य करण्यात आले. १९२८ मध्ये त्यांचे या विषयावरील पुस्तक प्रसिद्ध झाले.

थट्टा आणि आक्षेप

या मोहिमेला विरोधही झाला. राजाच्या छंदाची सक्ती विद्यार्थ्यांवर का, असा प्रश्न स्वाभाविकच होता. मंत्र आणि सूर्योपासना यांमुळे हा व्यायाम सर्व धर्मांच्या मुलांना लावता येईल काय, हा वादाचा मुद्दा पुढील काळातही पुन्हा पुन्हा उपस्थित झाला. नमस्कारांच्या वेडाची गोष्ट रंगभूमीपर्यंत पोहोचली. आचार्य अत्रे यांनी १९३३ मध्ये आणलेल्या 'साष्टांग नमस्कार' या नाटकात अशा छंदिष्टपणाची मनसोक्त टर उडविली आणि प्रेक्षकांनी ती डोक्यावर घेतली.

थट्टेने भवानराव खचले नाहीत. १९३६ मध्ये ते इंग्लंडला गेले, तेव्हा लुईझ मॉर्गन या पत्रकार महिलेने त्यांच्या व्यायामपद्धतीत रस घेतला. तिने संपादित केलेले त्यांचे पुस्तक १९३८ मध्ये लंडनमध्ये निघाले. ज्या शहरातून त्यांच्याकडे एकेकाळी सँडोची विद्या आली, त्याच शहराला आता औंधची विद्या पुस्तकरूपाने मिळाली.

सत्तेचा त्याग

व्यायामाच्या बाबतीत सक्ती करणाऱ्या या राजाने राज्यकारभाराच्या बाबतीत मात्र नेमका उलटा मार्ग धरला. चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने, महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाखाली, औंधची राज्यघटना तयार झाली. १९३९ मध्ये ती अमलात आली आणि ग्रामपंचायतींवर आधारलेला कारभार प्रजेच्या हाती गेला. संस्थानात स्थापन झालेल्या स्वतंत्रपूर या खुल्या कारागृहाच्या प्रयोगावरून व्ही. शांताराम यांना 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटाची प्रेरणा मिळाली. औंधचे चित्रसंग्रहालयही भवानरावांच्याच संग्रहातून उभे राहिले.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. १३ एप्रिल १९५१ रोजी भवानरावांचे निधन झाले.

त्यांच्या आयुष्याचे दोन धडे आजच्या प्रशिक्षकांना उपयोगी पडावेत. पहिला धडा शिष्य म्हणून त्यांना मिळाला. जो व्यायाम माणूस आपल्या घरात, आपल्या ऐपतीत, वर्षानुवर्षे करू शकतो, तोच त्याचा खरा व्यायाम होय. दंडाचा घेर किती वाढला, हा प्रश्न त्यानंतरचा. दुसरा धडा राजा म्हणून त्यांच्या अनुभवातून दिसतो. वयाप्रमाणे आणि शक्तीप्रमाणे संख्या ठरविणारा शिक्षक प्रत्येक शिष्याकडे स्वतंत्रपणे पाहतो. अध्यादेशाला मात्र ते शक्य नसते. औंधच्या शाळांतील सक्ती संस्थानाबरोबर संपली. सूर्यनमस्कार मात्र टिकले. आज योगवर्गांत आणि अद्ययावत व्यायामशाळांतही ते घातले जातात, आणि घालणारे ते आपल्या इच्छेने घालतात.