तापांचा पारखी : थॉमस सिडनहॅम

इंग्लंडांतील डॉर्सेट परगण्यांत १६२४ सालीं थॉमस सिडनहॅम यांचा जन्म झाला. तरुणपणीं ते यादवी युद्धांत पार्लमेंटच्या बाजूनें लढले व पुढें लंडनांत वैद्यकी करूं लागले. त्या काळीं पुष्कळ वैद्य तापाचें निदान जुन्या ग्रंथांत शोधीत. सिडनहॅम रोग्याच्या उशाशीं बसून शोधीत. ताप रोज येतो, एक दिवसाआड येतो, कीं दोन दिवसांआड? अंगावर पुरळ कसें उठतें? अशा निरीक्षणानेंच त्यांनीं १६७६ च्या ग्रंथांत मुलांना होणारा स्कार्लेट ताप गोवराहून निराळा दाखविला. पाळीच्या तापावर सिंकोनाची साल पाळी उतरतांच द्यावी, असें त्यांनीं शिकविलें. समव्यवसायी त्यांच्यावर टीका करीत. लंडनच्या वैद्यमंडळानें त्यांस फेलोचा मान कधींच दिला नाहीं. वातरक्ताच्या वेदना सोशीत असतांही त्यांनीं १६८३ सालीं त्याच रोगाचें वर्णन लिहिलें. १६८९ सालीं ते निवर्तले. मुलाचा ताप केव्हां चढला, किती दिवसांनीं परतला, हें टिपून ठेवणारी माता आजही वैद्याचें निम्में काम हलकें करिते.