बाबांना पत्र, मुक्काम गोवा

पाचोडच्या स्टँडवर जून-जुलैत एक सीन हमखास दिसतो. एक नवीकोरी ट्रॉली बॅग, शेजारी आईने बांधून दिलेल्या डब्याची पिशवी आणि थोडं लांब उभे राहून बसची पाटी वाचायचं नाटक करणारे वडील. कोणी संभाजीनगरला निघालेलं असतं, कोणी पुण्याला, हल्ली एखादं थेट जर्मनीला. बस हलली की सगळ्या घरांतून एकच सूचना येते, पोचल्यावर फोन कर. मीही असाच गेलो होतो आणि हॉस्टेलवर पोचल्यावर पहिला फोन दोन मिनिटांत संपवला होता. जेवलो, झोपतो, ठेव.

आता अशा एका मुलाची गोष्ट ऐका, ज्याने पोचल्यावर घरी कळवलं, पण ते कळवणं घरी जायलाच कित्येक महिने लागणार होते. तो पुन्हा कधीच घरी गेला नाही. आणि तुम्ही-आम्ही बोलतो त्या मराठीत त्याने जवळपास अकरा हजार ओव्या लिहिल्या. नाव थॉमस स्टीफन्स. एम.ए. मराठीवाल्यांना फादर स्टीफन्स हे नाव सिलॅबसमधून माहीत असेल. बाकीच्यांनी पुढे वाचा.

घर सोडायचं कारण

थॉमसचा जन्म साधारण १५४९ चा, इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यातला. वडील व्यापारी, त्यांचंही नाव थॉमसच. घरची स्थिती चांगली, शिक्षण चांगलं. अडचण एकच होती. इंग्लंडमध्ये तेव्हा पहिल्या एलिझाबेथ राणीचं राज्य होतं, देश प्रोटेस्टंट झालेला आणि कॅथलिक असणं म्हणजे संशयित असणं.

थॉमसचा एक मित्र होता, थॉमस पाउंड. त्याच्या वाचनात भारतातून आलेली जेझुइट मिशनऱ्यांची पत्रं आली. हे लोक जिथे जातील तिथून लांबलचक पत्रं लिहायचे. प्रवास, माणसं, भाषा, खाणंपिणं, सगळं. युरोपात त्या पत्रांच्या नकला व्हायच्या, ती छापली जायची, मठांत मोठ्याने वाचली जायची. गोव्याला १५४२ मध्ये पोचलेल्या फ्रान्सिस झेवियरची पत्रं तर फारच गाजली होती. आज आपण कुणाचे ट्रॅव्हल व्लॉग बघून बॅग भरायची स्वप्नं बघतो ना, तसंच काहीसं.

दोघा मित्रांनी ठरवलं की रोमला जायचं आणि जेझुइट व्हायचं. निघायच्या आधीच पाउंड पकडला गेला आणि त्याची पुढची अनेक वर्षं तुरुंगांत गेली. थॉमस निसटला. २० ऑक्टोबर १५७५ ला रोममध्ये तो संस्थेत दाखल झाला. वय सव्वीसच्या आसपास. तिथे प्रशिक्षण घेतलं, तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला आणि मग त्याने भारताची मागणी केली. इंग्लंडला परतायचा रस्ता जवळजवळ बंदच होता. त्याच्याच संस्थेचा एडमंड कॅम्पियन गुपचूप इंग्लंडला गेला, तर १५८१ मध्ये त्याला लंडनमध्ये फाशी झाली. तेव्हा थॉमसचं घर सोडणं म्हणजे करिअर म्हणून केलेला गॅप इयर नव्हता, हे लक्षात ठेवा.

साडेसहा महिने पाण्यावर

४ एप्रिल १५७९ ला लिस्बनहून पाच जहाजं निघाली. तुताऱ्या वाजल्या, तोफा झाडल्या गेल्या. २४ ऑक्टोबरला थॉमस गोव्याला उतरला आणि १० नोव्हेंबरला, म्हणजे सतरा दिवसांच्या आत, त्याने वडिलांना पत्र लिहिलं. हे पत्र टिकलं, कारण रिचर्ड हॅकलुट नावाच्या माणसाने इंग्रजांच्या सागरी प्रवासांचा जो मोठा ग्रंथ १५८९ मध्ये लंडनमध्ये छापला, त्यात ते आलं.

त्या पत्रात काय आहे? धर्माचं प्रवचन असेल असं मला वाटलं होतं. पण यात आहे एक कुतूहलाने भरलेला पोरगा, जो दिसेल ते बाबांना सांगत सुटलाय. उडणारे मासे. शार्क आणि त्याच्यासोबत फिरणारे छोटे मासे. वाटेत भेटलेलं एक इंग्लिश जहाज, जे लुटालूट करत फिरत होतं, आणि आपल्याच देशाच्या जहाजाचा हा धंदा बघून त्याला वाटलेलं वाईट. गिनीच्या किनाऱ्याजवळ वारा पडल्यावर होणारी तगमग. केप ऑफ गुड होपची धास्ती.

इंजिनिअरिंगवाल्यांनो, हा भाग तुमच्यासाठी. थॉमसने वडिलांना नेव्हिगेशनचा प्रॉब्लेम समजावून सांगितलाय. उत्तर-दक्षिण आपण कुठे आहोत हे सूर्य-ताऱ्यांच्या उंचीवरून काढता येतं. पण पूर्व-पश्चिम किती आलो हे मोजायला आकाशात तसा ठरलेला बिंदू नाही. म्हणजे अक्षांश कळतो, रेखांश कळत नाही. खलाशी अनुभवाने, प्रवाहांच्या आणि होकायंत्राच्या सुईच्या अंदाजाने चालत. भरवशाचं समुद्री घड्याळ अठराव्या शतकात आलं, तोवर हे असंच चाललं. परिणाम काय? यांचं जहाज मादागास्करच्या बाहेरून गेलं, आता भारत आलाच असं सगळ्यांना वाटायला लागलं आणि प्रत्यक्षात ते लाल समुद्राच्या तोंडाशी, सोकोत्रा बेटाजवळ निघाले. पुढे पाण्यात साप दिसले, माडाच्या झावळ्या तरंगताना दिसल्या, तेव्हा कुठे किनारा जवळ आल्याची खात्री पटली.

आणि आजार. हिरड्या सुजायच्या, पाय सुजायचे, अंग काम करेनासं व्हायचं. आज आपण त्याला स्कर्व्ही म्हणतो, क जीवनसत्त्वाची कमतरता. जहाजावर दीडशेच्या आसपास माणसं आजारी पडली आणि २७ मेली. एवढीच मेली, हे त्या काळी नशीब समजलं जायचं. पाचोडच्या मार्केटात मोसंबीचे ढीग बघत मोठ्या झालेल्या माझ्यासारख्याला हे वाचून कसंतरीच झालं. ज्या फळाला भाव मिळाला नाही तर आपण हळहळतो, त्याच जातीच्या चार फळांनी ती माणसं वाचली असती. कुणाला माहीत नव्हतं, इतकंच.

पत्राच्या शेवटी गोवा येतो आणि त्यात माड. एका झाडापासून तेल, दारू, साखर, शिरका, दोर, शिडं, चटया, घराचं छप्पर, झाडू! वडिलांना हे खरं वाटेल का, याची काळजी घेत घेत त्याने ती यादी दिली असावी. पत्र जहाजानेच जायचं. वाऱ्याच्या वेळापत्रकाप्रमाणे जहाज निघणार, तेव्हा उत्तर यायला दीड-दोन वर्षं सहज. ब्लू टिक विसराच.

भावाला लिहिलेलं पत्र

इथून पुढे त्यांना अहो-जाहो करू या, कारण आता ते फादर झाले. कामाचं ठिकाण गोव्यातली साष्टी. त्यांनी कोकणी शिकली, मराठी शिकली. शिकली म्हणजे कामापुरती नाही. २४ ऑक्टोबर १५८३ ला, गोव्यात उतरल्याला बरोब्बर चार वर्षं झाली त्या दिवशी, त्यांनी भाऊ रिचर्ड यांना पत्र लिहिलं. त्यात एक निरीक्षण सहज नोंदवलं, की इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच कुळातल्या आहेत असं कलकत्त्यात जाहीरपणे मांडलं ते १७८६ मध्ये. स्टीफन्स यांनी कुठला सिद्धांत मांडला नव्हता, पण त्यांचा कान दोनशे वर्षं आधी बरोबर ठिकाणी लागला होता.

त्याच पत्रात एक भयानक बातमीही आहे. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी गावात लोकांनी पाच जेझुइटांना ठार मारलं. त्यात अकबराच्या दरबारी राहून आलेले रुडॉल्फ अक्वाविवा होते. स्टीफन्स यांच्यासाठी ही आपली माणसं, हुतात्मे. पण गोष्ट इथे थांबवली तर अर्धीच सांगितल्यासारखं होईल. पोर्तुगीजांनी त्या भागातली देवळं पाडली होती, कुंकळ्ळीचंही देऊळ त्यातून सुटलं नव्हतं. लोक चिडलेले होते. हत्येनंतर पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि मारून टाकलं. मिशनरी आणि तोफा एकाच जहाजातून आल्या होत्या, हे विसरून स्टीफन्स यांचं चरित्र लिहिता येत नाही.

त्याच वर्षी राल्फ फिच आणि त्याचे तीन इंग्रज साथीदार हेर समजून पकडले गेले आणि गोव्याच्या तुरुंगात आले. स्टीफन्स यांनी धावपळ करून त्यांना जामिनावर सोडवायला मदत केली. पुढे फिच पळाला, हिंदुस्थान आणि ब्रह्मदेश फिरून १५९१ मध्ये लंडनला पोचला. त्याची माहिती १६०० मध्ये स्थापन झालेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या कामी आली. एका गाववाल्याला केलेली मदत कुठपर्यंत जाते बघा.

ओवी, तीच आपली

आता थोडं आपल्या पैठणकडे या. नाथषष्ठीला पायी गेला असाल तर ओवी तुमच्या कानात असणारच. स्टीफन्स गोव्यात मराठी शिकत होते त्याच काळात आपल्या तालुक्याच्या गावी संत एकनाथ हयात होते. १५८४ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. दोघं भेटल्याचा काही पुरावा नाही. पण एकाच भाषेचं, एकाच छंदाचं पाणी दोन्हीकडे खेळत होतं.

साष्टीत नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची एक मोठी पंचाईत झाली होती. धर्म बदलला, जुन्या पोथ्यांवर बंदी आली, मग वाचायचं काय, गायचं काय? लोकांकडून मागणी आली. स्टीफन्स यांनी उत्तर म्हणून पुराणच लिहिलं. ख्रिस्तपुराण. बायबलची कथा, पण चाल ओवीची, स्वर्गाला शब्द वैकुंठ. दोन भाग, मिळून १०,९६२ ओव्या. १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. सुरुवातीलाच त्यांनी मराठीची जी स्तुती केलीय ती प्रसिद्ध आहे. रत्नं, फुलं, सुगंध, पक्षी, प्रत्येकात जे सगळ्यात उत्तम तसं भाषांमध्ये मराठीचं स्थान, असा तिचा आशय. लिहिणारा विल्टशायरचा.

गंमत म्हणजे हे मराठी पुस्तक छापलं गेलं रोमन लिपीत. त्यांना तसं नको होतं. ५ डिसेंबर १६०८ ला त्यांनी रोमला आपल्या वरिष्ठांना पत्र लिहून मागणी केली होती, की इथली पुस्तकं इथल्याच लिपीत छापू द्या, मलबारात होतं तसं. काना-मात्रा-वेलांट्या धरून अक्षरांचे जवळपास सहाशे साचे लागतील ही अडचण होती, ती दोनशेवर आणता येईल असा उपायही सुचवला होता. काम झालं नाही. देवनागरी टाइपात मराठीचं व्याकरण छापलं गेलं ते १८०५ मध्ये, बंगालमधल्या सेरामपूरला, विल्यम केरी यांच्या हातून.

चाळीस वर्षं गोव्यात काढून स्टीफन्स १६१९ मध्ये तिथेच गेले. त्यांचं कोकणी ख्रिस्ती प्रश्नोत्तरांचं पुस्तक १६२२ मध्ये आणि कोकणीचं व्याकरण १६४० मध्ये छापलं गेलं. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने फर्मान काढलं, की लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज बोलायला शिकावं आणि आपली भाषा सोडावी. ज्या भाषेवर त्यांनी आयुष्य घातलं, तिच्यावरच. ख्रिस्तपुराणाच्या पहिल्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. हस्तलिखितं मात्र लोकांनी जपली. त्यावरून १९०७ मध्ये मंगळूरला सालढाणा यांनी ते पुन्हा छापलं.

मग हा माणूस आपला की परका?

हे लिहिताना मी बराच वेळ इथे अडकलो. ज्या सत्तेने देवळं पाडली आणि पोथ्यांवर बंदी घातली, तिच्याच आसऱ्याने राहणारा हा माणूस. त्याला लोकांचा धर्म बदलायचा होता, तो हेतू त्याने कधी लपवलाही नाही. मराठी हे त्याचं साधन होतं. पण साधन म्हणून शिकलेल्या भाषेत कुणी अकरा हजार ओव्या लिहितं का? तिच्या लिपीसाठी रोमशी पत्राने भांडतं का? मला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात आणि एक खरी म्हणून दुसरी पुसायची गरज वाटत नाही. तुमचं मत वेगळं असू शकतं. फक्त आधी चार ओव्या वाचा, मग ठरवा. १९५६ मध्ये पुण्यात शांताराम बंडेलू यांनी काढलेली देवनागरी प्रत जुन्या ग्रंथालयात मिळू शकते.

२०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. त्या स्टेटसमध्ये ज्ञानोबा होते, तुकोबा होते, नाथ होते. साष्टीच्या या पाद्र्यालाही एका कोपऱ्यात जागा द्यायला हरकत नव्हती.

आणि तुमच्यापैकी कुणी मास्टर्सला लंडनला जाणार असेल, तर तिथल्या सोआस या विद्यापीठाच्या ग्रंथालयात ख्रिस्तपुराणाचं एक देवनागरी हस्तलिखित आहे. लंडनमध्ये छापलेलं त्यांचं पत्र गोव्याबद्दलचं आणि गोव्यात लिहिलेलं पुराण आज लंडनमध्ये. बघून या. आणि बघितलं की घरी दोन मिनिटांचा फोन करू नका. नीट सांगा. काय खाल्लं, कोण भेटलं, रस्त्यात कुठलं झाड दिसलं. पाचोडच्या स्टँडवर पाटी वाचायचं नाटक करणाऱ्या माणसाला ते सगळं ऐकायचं असतं.