मुंबई महापालिकेचे शिल्पकार फिरोजशहा

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधून बाहेर पडणाऱ्या लाखो मुंबईकरांच्या नजरेसमोरून महापालिकेच्या मुख्यालयापुढचा एक पुतळा रोज जातो. तो कोणाचा, हे अनेकांना ठाऊक असते. तो तेथेच का, हे फार थोड्यांना. सर फिरोजशहा मेहता काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक होते, नामांकित बॅरिस्टर होते, कायदे कौन्सिलातले निर्भीड सभासद होते. पण त्यांचे नाव महापालिकेच्या दारात कोरले गेले ते वेगळ्याच कारणासाठी. शहराचा पैसा कोणी खर्च करावा, त्याचा हिशेब कोणी कोणाला द्यावा आणि चूक झाली तर जाब कोणाला विचारावा, या प्रश्नांना मुंबईने जे उत्तर शोधले, त्याच्या घडणीत फिरोजशहांइतका मोठा वाटा क्वचितच दुसऱ्या कोणाचा असेल.

४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईतील एका पारशी व्यापारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८६४ साली ते पदवीधर झाले. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांची या बुद्धिमान विद्यार्थ्यावर मर्जी होती. रुस्तमजी जमशेटजी जीजीभाई यांनी हिंदी तरुणांना विलायतेत बॅरिस्टर होण्यासाठी देणगी जाहीर केली, तेव्हा फिरोजशहांची निवड झाली. मात्र अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच कापसाच्या तेजीवर उभा राहिलेला मुंबईचा सट्टाबाजार १८६५ साली कोसळला. त्यात रुस्तमजींची पेढीही बुडाली आणि शिष्यवृत्तीचा आधार तुटला. तरीही लिंकन्स इनमधील शिक्षण पूर्ण करून १८६८ साली ते बॅरिस्टर म्हणून मायदेशी परतले. लंडनमधील वास्तव्यात दादाभाई नौरोजींचा सहवास लाभला आणि सार्वजनिक कार्याची दीक्षा तेथेच मिळाली.

ते परतले ती मुंबई झपाट्याने बदलत होती. १८६५ च्या कायद्याने शहराचा कारभार एका म्युनिसिपल कमिशनरच्या हाती सोपवण्यात आला होता. पहिले कमिशनर आर्थर क्रॉफर्ड हे धडाडीचे अधिकारी. गलिच्छ वस्त्यांतून त्यांनी रस्ते काढले, सफाईची व्यवस्था लावली, गटारांची आणि पाण्याची कामे हाती घेतली. आज महात्मा जोतिबा फुले मंडई या नावाने ओळखली जाणारी क्रॉफर्ड मार्केटची वास्तू १८६९ साली त्यांच्याच कारकीर्दीत उभी राहिली. शहराचे रूप पालटले, हे त्यांचे विरोधकही मान्य करीत. पण कामाच्या उत्साहात खर्चाला धरबंध राहिला नाही. तिजोरीत काय आहे याचा विचार न करता कामे निघत आणि भार घरपट्टीवर पडे. आधीच तेजीमंदीत होरपळलेले घरमालक त्यामुळे हवालदिल झाले.

कमिशनरवर अंकुश कोणाचा? कायद्याने तो ‘जस्टिस ऑफ दि पीस’ या मंडळाचा होता. शहरातील प्रतिष्ठित युरोपियन आणि हिंदी गृहस्थांना सरकार या पदावर नेमीत असे. मंडळ मोठे होते, पण करदात्यांनी त्यातील एकालाही निवडले नव्हते आणि म्हणून करदात्यांना उत्तर देण्याची जबाबदारीही त्यांतील कोणावर नव्हती. अनेक सभासद बैठकांकडे फिरकतही नसत. अंदाजपत्रके मंजूर होत आणि पैसा संपल्यावर मात्र सर्वांनाच संताप येई.

१८७१ साली हा असंतोष उफाळून आला. नौरोजी फर्दुनजींसारखे जुने, आदरणीय कार्यकर्ते करदात्यांच्या चळवळीच्या अग्रभागी होते. टाउन हॉलमधील जस्टिसांच्या गाजलेल्या सभेत जेम्स फोर्ब्स यांनी कमिशनरचे कार्यकारी अधिकार काढून घेऊन ते एका समितीकडे देण्याची कल्पना पुढे मांडली. लोकमत त्यांच्या पाठीशी होते. अशा वेळी पंचविशीतला एक नवखा बॅरिस्टर उठला आणि त्याने क्रॉफर्ड यांच्या कामाची पाठराखण केली. पुढे नोव्हेंबरमध्ये फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्याने म्युनिसिपल सुधारणेवर निबंध वाचला, तेव्हा श्रोत्यांनी त्याची हुर्यो उडवली. गोऱ्या अधिकाऱ्याची तळी उचलणारा म्हणून त्याच्यावर टीका झाली.

वस्तुतः फिरोजशहांचा मुद्दा क्रॉफर्ड या व्यक्तीपुरता नव्हता. त्यांचे निदान असे होते की, दोष एका अधिकाऱ्याच्या हाती कार्यकारी सत्ता असण्यात नाही. त्या सत्तेवर देखरेख करणारे मंडळ कोणालाच जबाबदार नाही, यात आहे. दहाबारा जणांच्या समितीने गाडा हाकायचा म्हटले, तर काम रखडेल आणि बिघडले तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवील. म्हणून काम करणारा हात एकच असावा. पण त्याला पैसे मंजूर करणारी, त्याचे हिशेब तपासणारी आणि वेळप्रसंगी त्याला खडसावणारी सभा करदात्यांनी निवडलेली असावी. चिडलेल्या सभेपुढे ही भेदरेषा मांडणे सोपे नव्हते. एका माणसाला घालवले की व्यवस्था सुधारते, या समजुतीला त्यांनी छेद दिला होता.

त्याच वर्षी क्रॉफर्ड यांची कारकीर्द संपली आणि १८७२ चा नवा कायदा आला. त्याची मांडणी बरीचशी या तरुणाच्या विचारांच्या दिशेने जाणारी होती. कमिशनर कायम राहिला. पण ६४ सभासदांची महापालिका अस्तित्वात आली आणि त्यांपैकी ३२ जण करदात्यांनी निवडायचे ठरले. उरलेल्यांपैकी १६ जस्टिसांनी निवडायचे आणि १६ सरकारने नेमायचे होते. सहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरात मतदार मात्र मूठभर, सधन करदातेच होते. तरीही निम्मी सभा लोकनियुक्त असणे ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. या महापालिकेत फिरोजशहा निवडून आले आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ, तीच त्यांची कर्मभूमी राहिली.

१८८२ साली लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव केला आणि मुंबईच्या कायद्याची फेरमांडणी सुरू झाली. सरकारने आणलेल्या विधेयकात महापालिकेचे हात बांधून कमिशनरला मोकळे रान देण्याचा धोका फिरोजशहांना दिसला. मुंबई कायदे कौन्सिलात ते आणि न्यायमूर्ती म्हणून पुढे ख्याती पावलेले काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी कलमाकलमावर झुंज दिली. यातून १८८८ चा मुंबई महापालिका कायदा आकाराला आला. शहराचा कारभार महापालिकेकडे, अंमलबजावणी कमिशनरकडे आणि खर्चावरची दैनंदिन नजर स्थायी समितीकडे, अशी त्रिसूत्री त्यात बांधली गेली. अंदाजपत्रक कमिशनरने तयार करावे, स्थायी समितीने ते तपासावे, महापालिकेने मंजूर करावे. हिशेबतपासनिसाचा अहवालही स्थायी समितीपुढे यावा. कमिशनर सरकारने नेमलेला असला, तरी ठरावीक बहुमताने त्याला परत पाठवण्याचे शस्त्र सभासदांच्या हाती आले.

योगायोग असा, की त्याच १८८८ साली क्रॉफर्ड यांचे नाव पुन्हा गाजले. ते तेव्हा पुण्यात महसूल खात्याचे कमिशनर होते. मामलेदारांकडून पैसे घेतल्याच्या आरोपांवरून त्यांची चौकशी झाली. लाचलुचपतीचे आरोप चौकशी मंडळाने मान्य केले नाहीत, पण हाताखालच्या लोकांकडून कर्ज घेतल्याचे सिद्ध होऊन त्यांना नोकरी गमवावी लागली. पैसे दिल्याची कबुली देणाऱ्या मामलेदारांची बाजू टिळकांनी हिरिरीने लढवली. कर्तबगार अधिकाऱ्याच्या सचोटीवर विसंबून कारभार चालवता येत नाही, हे यातून सिद्धच झाले. एका अर्थी फिरोजशहांनी ज्या माणसाची बाजू घेतली होती, त्यानेच त्यांचा सिद्धान्त खरा ठरवला.

महापालिकेत फिरोजशहा चार वेळा अध्यक्ष झाले. पण अध्यक्ष नसतानाही सभागृहावर छाप त्यांचीच असे. कागदपत्रांचा कसून अभ्यास, कायद्याच्या कलमांवर हुकमत, भेदक उपरोध आणि बुलंद आवाज या बळावर ते कमिशनरांना निरुत्तर करीत. हिशेबाच्या बारकाव्यांत निष्णात असलेले दिनशा वाच्छा त्यांच्या जोडीला होते. पोलिसांवर सरकारचा ताबा आणि खर्चाचा बोजा मात्र शहरावर, या अन्यायाविरुद्ध त्यांनी वर्षानुवर्षे वाद घातला. ज्या खात्यावर आपला अधिकार नाही, त्याचे पैसे शहराने का भरावेत, हा त्यांचा साधा प्रश्न होता. अखेर १९०७ च्या कायद्याने पोलिसांचा खर्च सरकारने उचलला आणि त्या बदल्यात प्राथमिक शिक्षण आणि वैद्यकीय सेवेची जबाबदारी महापालिकेकडे आली.

या नेतृत्वाची दुसरी बाजूही आहे. १८९६ साली मांडवीत प्लेग फुटला आणि दाटीवाटीच्या चाळी, तुंबलेली गटारे यांचे विदारक चित्र जगापुढे आले. इतकी वर्षे लोकनियुक्त महापालिका काय करीत होती, हा प्रश्न रास्त होता. सरकारने मात्र उत्तर शोधले ते महापालिकेला बाजूला सारून. प्लेग निवारणासाठी १८९७ साली जनरल गॅटेकर यांची समिती नेमली गेली, तर शहर सुधारणेसाठी १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. महापालिकेच्या उत्पन्नातून पैसा घ्यायचा, पण तिला जबाबदार राहायचे नाही, या रचनेला फिरोजशहांनी कडाडून विरोध केला. तत्त्व म्हणून ते बरोबरच होते. परंतु चाळीत गुदमरणाऱ्या, मताधिकार नसलेल्या गिरणी कामगाराचा आवाज या भांडणात दोन्ही बाजूंना पुरेसा ऐकू आला नाही, हेही नोंदवलेच पाहिजे.

त्यांच्या वर्चस्वाचा जाच वाटणारेही कमी नव्हते. एकाच माणसाच्या शब्दावर सभागृह डोलते, ही तक्रार पूर्णतः निराधार म्हणता येणार नाही. १९०७ च्या निवडणुकीत त्यांना पाडण्यासाठी अकाउंटंट जनरल हॅरिसन यांच्या पुढाकाराने बड्या युरोपियन मंडळींचा गट एकवटला. मुंबईच्या एका प्रमुख इंग्रजी दैनिकाचे संपादक लोव्हॅट फ्रेझरही त्यात होते. जस्टिसांच्या १६ जागांसाठी त्यांनी आपली यादी पुढे केली आणि फिरोजशहा थोडक्यात सतराव्या क्रमांकावर फेकले गेले. सरकारी अधिकाऱ्यांनी मतांसाठी वजन खर्च केल्याच्या आरोपाने शहर ढवळून निघाले. शेवटी निवडून आलेल्यांपैकी एकजण महापालिकेशी असलेल्या कंत्राटी हितसंबंधामुळे अपात्र ठरला आणि फिरोजशहा सभागृहात परतले. ज्या कायद्याच्या घडणीत त्यांचा हात होता, त्यातल्याच शिस्तीने त्यांना जागा परत मिळवून दिली.

१९१३ साली त्यांनी ‘बॉम्बे क्रॉनिकल’ हे वृत्तपत्र सुरू केले. ५ नोव्हेंबर १९१५ रोजी त्यांचे निधन झाले. १९२३ साली महापालिकेसमोर त्यांचा पुतळा उभा राहिला.

१८८८ चा कायदा आजही, असंख्य दुरुस्त्यांसह, मुंबईचा कारभार चालवतो. १९४८ साली प्रौढ मताधिकारावर निवडणूक झाली, सभासदांची संख्या पुढे २२७ वर गेली. १९९८ साली महापौरांच्या परिषदेकडे कार्यकारी सत्ता देण्याचा प्रयोग झाला आणि वर्षभरात तो गुंडाळलाही गेला. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर तर काही वर्षे कारभार नगरसेवकांविना प्रशासकाच्या हाती राहिला. अंदाजपत्रक बनवणारा आणि मंजूर करणारा एकच, ही १८७१ पूर्वीपेक्षाही विचित्र अवस्था मुंबईने पाहिली. तेव्हा निदान जस्टिस तरी होते.

आयुक्त चांगला की नगरसेवक चांगले, हा वाद मुंबईत दर पावसाळ्यात रंगतो. फिरोजशहांनी तो प्रश्नच वेगळा मांडला होता. अधिकाऱ्याला काम करू द्या, पण त्याच्यावर अशांची नजर ठेवा, ज्यांना उद्या लोकांच्या दारात जायचे आहे. तुंबलेल्या रस्त्यात उभे राहून जबाबदार कोण असे विचारणाऱ्या मुंबईकराला ही व्यवस्था आजही उत्तर देऊ शकते. अट एवढीच, की सभागृहात बसणाऱ्यांनी अंदाजपत्रकाची पाने उलटून पाहावीत आणि त्यांना निवडून देणाऱ्यांनी ती उलटली का, हे विचारावे.