वादळांचा मागोवा घेणारे हेन्री पिडिंग्टन

कलकत्त्याच्या दक्षिणेस, सुंदरबनातून वाहत जाऊन मातला नदी समुद्रास मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हुगळीचे पात्र गाळाने भरू लागले, तेव्हा या मातला नदीकाठी नवे बंदर वसवावे, असे कंपनी सरकारच्या मनात आले. त्या वेळी एका जाणत्या पुरुषाने सरकारला वेळीच सावध केले. त्यांचे नाव हेन्री पिडिंग्टन.

पिडिंग्टन यांचा जन्म १७९७ साली इंग्लंडात झाला. तरुणपणी ते व्यापारी जहाजांवर कप्तान होते. पुढे ते कलकत्त्यास स्थायिक झाले आणि सागरी अपघातांची चौकशी करणाऱ्या न्यायासनाचे अध्यक्ष झाले. कर्नल विल्यम रीड यांचा वादळांविषयीचा ग्रंथ १८३८ साली प्रसिद्ध झाला. तो वाचून पिडिंग्टन यांना या विषयाचा ध्यास लागला.

त्या काळी उपग्रह नव्हते. पिडिंग्टन यांनी जहाजांच्या नोंदवह्या गोळा केल्या. कोणते जहाज कोणत्या वेळी कोठे होते, वारा कोणीकडून वाहत होता, वायुभारमापकातील पारा किती उतरला होता, हे सारे ते नकाशावर मांडीत. नोंदी विरळ असल्या, की वादळाचे केंद्र नेमके सापडत नसे. नोंदी जवळजवळच्या ठिकाणांच्या व थोड्या थोड्या वेळाने घेतलेल्या असल्या, म्हणजे वादळाचा मार्ग स्पष्ट उमटे. 'चार्ल्स हेडल' हे जहाज १८४५ साली मॉरिशसजवळ वादळात सापडले. त्याच्या नोंदींवरून ते वादळाच्या केंद्राभोवती पाच वेळा फिरल्याचे दिसून आले. पिडिंग्टन यांचा खलाशांसाठी लिहिलेला ग्रंथ १८४८ साली निघाला. अशा भोवऱ्यासारख्या वादळास त्यांनी सर्पाच्या वेटोळ्यावरून 'सायक्लोन' हे नाव दिले. तेच नाव पुढे जगभर रूढ झाले.

वादळ किनाऱ्याकडे येताना आपल्यापुढे पाण्याचा लोंढा ढकलीत आणते, हेही त्यांनी ओळखले होते. गोदावरीच्या मुखाजवळील कोरिंगा गावावर १७८९ साली असाच घाला पडला होता. नदीचे मुख नरसाळ्यासारखे असते. रुंद तोंडातून आत शिरलेले पाणी अरुंद पात्रात मावत नाही. ते उंच उंच चढत जाते. त्यातच भरतीची वेळ असली, तर अनर्थ ओढवतो. म्हणून १८५३ साली त्यांनी गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांना जाहीर पत्र लिहून या धोक्याची सूचना दिली. सरकारने ती मनावर घेतली नाही.

पिडिंग्टन १८५८ साली निवर्तले. पुढे मातलाकाठी बंदर उभे राहिले. त्यास कॅनिंग हे नाव मिळाले. तेथे आगगाडीही आली. परंतु १८६७ च्या नोव्हेंबर महिन्यात चक्रीवादळ आले आणि त्या लोंढ्याने बंदराची धूळधाण केली. थोड्याच वर्षांत ते ओस पडले.

आज शास्त्रज्ञ संगणकावर सागराचे चौकोन पाडून अशा लोंढ्याची उंची आधीच काढतात. हवामानाच्या माहितीचे चौकोन फार मोठे असले, तर केंद्राजवळचा प्रचंड वारा भोवतालच्या मंद वाऱ्यात मिसळून जातो. मग वादळ आहे त्याहून सौम्य भासते आणि पाण्याची उंची कमी भरते. काही किलोमीटर रुंदीच्या खाडीत अशी चूक गावेच्या गावे संकटात लोटू शकते. म्हणून चौकोन लहान आणि नोंदी वारंवार घेतलेल्या असाव्या लागतात.

साधने बदलली, पण पिडिंग्टन यांचा मार्ग तोच राहिला आहे. निसर्गाची नोंद बारकाईने घ्यावी आणि तिने दिलेली सूचना वेळीच ऐकावी, हीच त्यांच्या जीवनाची शिकवण होय.