गोठवण्याची घाई

क्लॅरेन्स बर्ड्सआय हे नाव आपल्याकडे फारसे कुणी घेत नाही. पण आपल्या फ्रीझरमधल्या वाटाण्याची कुंडली याच माणसाने मांडली आहे.

जन्म १८८६, न्यूयॉर्कचे ब्रुकलिन. पैशाअभावी कॉलेज सुटले. १९१२ मध्ये तो जनावरांच्या केसाळ कातड्यांच्या व्यापारासाठी लॅब्रॅडॉरला, म्हणजे आजच्या कॅनडाच्या बर्फाळ पूर्व किनाऱ्यावर गेला. पुढे बायको आणि तान्हे मूलही तिथे आले, तेव्हा ताज्या अन्नाचा प्रश्न जिव्हाळ्याचा झाला. तिथले इन्युइट लोक बर्फाला भोक पाडून मासे धरीत. उणे चाळीस अंशांच्या वाऱ्यात मासा बघता बघता लाकूड होई. (उणे चाळीस हा सेल्सिअस आणि फॅरनहाइट यांचे एकमत असलेला एकमेव आकडा!) काही महिन्यांनी वितळवला तरी चव ताज्या माशाची. कमी थंडीत सावकाश गोठलेला मासा मात्र बेचव लागे. हा फरक त्याने नेमका हेरला. सावकाश गोठताना बर्फाचे मोठे स्फटिक होतात, ते पेशी फोडतात आणि वितळताना रस वाहून जातो. झटपट गोठवले तर स्फटिक बारीक राहतात.

आमच्या नगरात पारनेरचा वाटाणा स्वस्त झाला, की दोन-तीन किलो दाणे एकाच पिशवीत कोंबून फ्रीझरमध्ये ढकलतात. त्या गठ्ठ्याचा गाभा गोठायला कितीतरी तास लागतात. मग उसळीत दाणे पिचके निघतात आणि बोल लागतो पारनेरला. त्याऐवजी दाणे उकळत्या पाण्यात दोनेक मिनिटे ठेवावेत, लगेच गार पाण्यात घालावेत, कोरडे करून लहान, चपट्या पिशव्यांत भरावेत. एकाच वेळी सगळा माल आत घालू नये. फ्रीझर उणे अठरा अंशांवर असावा.

हा चपटेपणाही बर्ड्सआयचाच. १९२४ मध्ये त्याच्या पहिल्या कंपनीचे दिवाळे निघाले. विमा पॉलिसीवर कर्ज काढलेला हा गृहस्थ माझ्या टेबलासमोर आला असता, तर त्याची फाइल पुढे सरकली नसती. बँकेची शिस्त ती. पण त्याने ग्लॉस्टर बंदरात नवा डाव मांडला. अन्नाची चपटी पाकिटे दोन अतिथंड धातूच्या पट्ट्यांमध्ये दाबून गोठवणारे यंत्र केले, आणि १९२९ मध्ये, शेअर बाजार कोसळण्याच्या थोडे आधी, सारा धंदा २ कोटी २० लाख डॉलरना विकला. हिशेबनीस म्हणून मी त्याच्या मुहूर्ताला दाद देतो. ६ मार्च १९३० रोजी स्प्रिंगफील्डच्या दुकानांत मांस, मासे, पालक आणि वाटाण्याची गोठवलेली पाकिटे विकायला आली.

१९५६ मध्ये तो वारला. दोनच वर्षांनी गोदरेजने भारतात फ्रीज बनवायला सुरुवात केली. फ्रीज आला, तसा एक गैरसमजही घरात आला: थंडीने जंतू मरतात. ते बहुतेक नुसते झोपतात. वितळून तासन्‌तास बाहेर राहिलेले अन्न पुन्हा गोठवले, तर मधल्या वेळेत वाढलेले जंतूही त्याच्याबरोबर आत जाऊन बसतात. आणि वीज गेली, की आत काय झाले ते बघायला दार उघडू नये.